कोल्टसाहेब कर्नल कसले? (हार्टफर्डच्या निळ्या घुमटावरून)

सुमा_हार्टफर्ड
गेली चार वर्षं हार्टफर्डला आहे. कनेटिकट. (मधला 'क्' म्हणायचा नसतो, मी पहिले सहा महिने कनेक्टिकट कनेक्टिकट करत फिरले आणि एकाही माणसाने टोकलं नाही.) इन्शुरन्सवाल्यांचं गाव असल्याने आपली आयटीवाली मंडळी पुष्कळ. ऑफिसला जाताना आय-९१ हायवेवरून एक निळा कांद्यासारखा घुमट दिसतो, त्यावर सोनेरी चांदण्या आणि टोकाला मागच्या पायांवर उभं राहिलेलं घोड्याचं पिल्लू. मला वाटायचं रशियन चर्च असेल. ती निघाली बंदुकांची फॅक्टरी, सॅम्युएल कोल्टची.

लेकीला शाळेत गावच्या इतिहासावर प्रोजेक्ट आहे म्हणून तिला स्टेट लायब्ररीच्या म्युझियममध्ये घेऊन गेले. तिथे १८५१ चं नेव्ही रिव्हॉल्वर ठेवलंय, त्याच्या चक्रीवर (गोळ्यांची घरं असलेला फिरता भाग) जहाजांच्या लढाईचं चित्र कोरलंय, नखाएवढी शिडं, आणि नळीवर बारीक अक्षरांत पत्ता. 'कर्नल सॅम्ल कोल्ट, न्यूयॉर्क, यू.एस. अमेरिका'. लेकीने विचारलं, आई हा कुठल्या वॉरमध्ये होता? घरी येऊन वाचलं तर कुठल्याच नाही! मग हा कर्नल कसला? आणि खोटा असेल तर लाखो पिस्तुलांवर छापायची हिंमत कशी झाली? जाणकारांनी सांगा, प्रोजेक्ट पुढच्या शुक्रवारी द्यायचंय.

बंडोपंत
पहिला! वाचतो सावकाश.

काडेपेटी
घुमटाचा फोटो गुगलून बघितला. लासलगावला लिलावात ठेवला तर चांगला भाव येईल.

विवेक_सांगली
सुमाताई, तो कर्नल खोटा नव्हता, पण आपल्या डोक्यात जो कर्नल असतो तसाही नव्हता. तिकडे प्रत्येक राज्याची आपली मिलिशिया असायची, म्हणजे शेतकरी, दुकानदार, वकील वर्षातून ठरावीक दिवस कवायत करणार आणि वेळ आली तर लढणार. तिचा प्रमुख राज्याचा गव्हर्नर. गव्हर्नरला आपल्या दिमतीला मानाचे अधिकारी नेमता यायचे आणि ते नेमले जायचे पक्षातले, ओळखीतले, पैसेवाले. १८५० च्या सुमारास कनेटिकटला टॉमस सेमूर गव्हर्नर झाला, डेमोक्रॅट, कोल्टचा दोस्त. कोल्टने पक्षाला मदत केलेली, त्याने कोल्टला मिलिशियात नेमलं. झाला कर्नल. गणवेश शिवला, तलवार लटकवली, संपलं.

आपल्याकडे इंग्रज रावबहादूर करायचे ना, साधारण तसं. फक्त रावबहादुराला कोणी 'तुम्ही कुठल्या लढाईत होता' असं विचारत नसे.

गोदाकाठची_मी
विवेक, थोडी असहमत. १८६१ ला अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी सुरू झाल्यावर गव्हर्नर बकिंगहॅमने त्याला परत कर्नल केलं होतं, आणि बकिंगहॅम तर रिपब्लिकन, म्हणजे यारीदोस्तीचा प्रश्न नाही. रेजिमेंटचं नावच 'फर्स्ट रेजिमेंट, कोल्ट्स रिव्हॉल्व्हिंग रायफल्स ऑफ कनेटिकट'. आता हे तरी खरं कर्नलपद ना?

विवेक_सांगली
ती रेजिमेंट टिकली महिनाभर. मे मध्ये उभी राहिली, २० जून १८६१ ला कोल्टला नारळ. त्याला पोरांना रेग्युलर आर्मीत भरती करायचं होतं, पोरं म्हणाली आम्ही राज्याचे स्वयंसेवक म्हणून आलोय. माणसं मग पाचव्या कनेटिकट पायदळात गेली आणि ती खरोखर लढली. कर्नलसाहेब फॅक्टरीत परत.

गोदाकाठची_मी
बरं. अर्धी माघार.

आण्णा_कोल्हापुरी
कोल्ट म्हणजे शिंगरू ना? म्हणजे आपल्याकडं जन्माला आला असता तर कर्नल शिंगरे. घुमटावर पण शिंगरूच बसवलंय गड्यानं, आडनाव वर टांगून ठेवलं की.

काडेपेटी
आणि मुंबईत भाई लोक पिस्तुलाला काय म्हणतात? घोडा! शिंगराचा घोडा झाला राव.

आण्णा_कोल्हापुरी
हसून हसून पुरेवाट. आजचा दिवस गेला माझा.

मृण्मयी
कर्नलपदाआधीची एक पदवी राहिली. हा बाबा डॉक्टर पण होता! सुरुवातीपासून सांगते, त्यात आपलं कलकत्ता येतं.

जन्म १९ जुलै १८१४, हार्टफर्ड. लहानपणापासून दारूगोळ्याचं वेड. वडिलांचा वेअर नावाच्या गावी कापडाशी संबंधित कारखाना होता, तिथे १८२९ च्या ४ जुलैला पोरगं हँडबिलं काढतं की तळ्यातला तराफा उडवून दाखवणार. तराफा जागेवर राहिला, पाणी आणि चिखल उडाला तो सणाचे कपडे घालून आलेल्या पब्लिकवर. लोक मारायला धावले तेव्हा एका तरुण मेकॅनिकने वाचवलं अशी गोष्ट आहे. त्याचं नाव एलिशा रूट. हे नाव लक्षात ठेवा, परत येईल. पुढच्या वर्षी अॅमहर्स्टच्या शाळेत परत दारूकाम, शाळा सुटली. वडिलांनी वैतागून ऑगस्ट १८३० मध्ये बोस्टनहून कलकत्त्याला जाणाऱ्या 'कॉर्व्हो' जहाजावर खलाशी म्हणून चढवला, वय १६. जहाजावर सुकाणूचं चाक फिरताना आणि एकेका जागी अडकताना बघून त्याला फिरत्या चक्रीची आयडिया सुचली, तिथेच त्याने लाकडाचं मॉडेल कोरलं. ते मॉडेल हार्टफर्डच्याच वॉड्सवर्थ अथेनिअम म्युझियममध्ये आहे, सुमाताई बघून या.

परत आल्यावर खऱ्या पिस्तुलासाठी पैसे नाहीत. मग याने काय करावं? नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, घेऊन गावोगाव खेळ करत फिरला. पाटी काय, तर 'न्यूयॉर्क, लंडन आणि कलकत्ता येथील डॉ. कूल्ट'. स्पेलिंग पण बदललं, जरा भारदस्त दिसावं म्हणून. पन्नास सेंट द्या, वायू हुंगा, नाचा, पडा. त्या पैशातून गनस्मिथ लोकांची बिलं.

बंडोपंत
कलकत्ता रिटर्न!! आपले लोक 'लंडन रिटर्न' लिहायचे, हा कलकत्ता रिटर्न. अभिमान वाटला.

टीपकागद
म्हणजे आपल्या बाजारातला 'हिमालयातून आलेले वैद्यराज' हाच प्रकार. तंबू, जडीबुटी आणि माईक तेवढा राहिला.

शंकासूर
ती सुकाणूची गोष्ट मला नेहमीच फार गोड वाटते. न्यूटनचं सफरचंद, कोल्टचं सुकाणू. फिरत्या चक्रीचं पिस्तूल आधीच होतं. बोस्टनच्याच एलिशा कोलियरने १८१८ ला इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं होतं, गारगोटीच्या चापाचं, त्याची चक्री हाताने फिरवायला लागायची. तशी पिस्तुलं भारतातल्या गोऱ्या सैन्यापर्यंत पोचली होती असं म्हणतात. पोरगं कलकत्त्याच्या बंदरावर उतरलं, दोन डोळे होते, पुढचं तुम्ही समजून घ्या.

मृण्मयी
शंकासूर, आयडी सार्थ करताय. पण कोल्टचं पेटंट (अमेरिकेत २५ फेब्रुवारी १८३६) नुसत्या चक्रीचं नाहीये. घोडा (म्हणजे टोपीवर आपटणारी मागची हातोडी) मागे ओढला की चक्री आपोआप एक घर फिरते आणि बरोब्बर नळीसमोर अडकते, हे त्याचं. ते कोलियरच्या पिस्तुलात धड चालत नव्हतं.

निवृत्त_टूलरूमवाला
मृण्मयीताई बरोबर बोलल्या. मी ३४ वर्षं पिंपरीला टूलरूममध्ये काढली, त्यामुळे या विषयावर मला बोलू द्या, लांबेल.

ठासणीच्या बंदुकीत काय व्हायचं, दारू ओता, गोळी ठासा, कानावर टोपी बसवा, उडवा, परत पहिल्यापासून. कोल्टच्या पिस्तुलात हेच, पण चक्रीच्या प्रत्येक घरात आधीच ठासून ठेवायचं. मागे प्रत्येक घराला एक टोचणी, तिच्यावर तांब्याची टोपी. दिवाळीत आपण टिकल्यांच्या पिस्तुलात टिकली ठेवायचो ना, तेच तत्त्व, फक्त टिकलीच्या ठिणगीने आतली दारू पेटते. घोडा ओढताना आतली एक खिट्टी चक्रीच्या मागच्या दात्याला वर ढकलते, चक्री एक घर फिरते, आणि खालून दुसरी खिट्टी खाचेत बसते, खट्. ही खिट्टी केसभर चुकली तर गोळी नळीच्या काठाला घासणार. म्हणजे सगळा खेळ अचूक खाचेचा, आणि खाच अचूक हवी तर मशीन अचूक हवं.

सुरुवातीची पिस्तुलं त्याने स्वतः बनवली नाहीत. बाल्टिमोरच्या जॉन पिअर्सन नावाच्या कारागिराने बनवली, आणि त्याचे पैसे कोल्टने रडतखडत दिले. पॅटर्सन, न्यू जर्सीला १८३६ ला कंपनी काढली, १८४२ ला गुंडाळली. पाच गोळ्यांचं ते मॉडेल, चाप घोडा ओढल्यावरच बाहेर यायचा, पहिल्या पिस्तुलांना तर भरायला खोलावं लागायचं, सैन्याला पसंत नाही पडलं. शिवाय साहेबांचा खर्च. चुलतभाऊ डडली सेल्डन खजिनदार होता, तो दारूच्या आणि मेजवान्यांच्या बिलांवरून कावलेला असायचा.

नशीब उघडलं टेक्ससमुळे. तिथल्या रेंजर्सना, म्हणजे सरहद्दीवरच्या घोडेस्वार शिपायांना, जुनी पॅटर्सन पिस्तुलं कामाला आली होती, कॅप्टन सॅम्युएल वॉकरने १८४६ ला कोल्टला कळवलं आणि सुधारणा सुचवल्या, सहा गोळ्या, मोठी गोळी, खाली पक्का चाप. सरकारने १००० ची ऑर्डर दिली. कोल्टकडे तेव्हा फॅक्टरीच नव्हती! एली व्हिटनी ज्युनियरच्या कारखान्यात बनवून घेतली. दोन किलोचं धूड ते, कमरेला कसलं लावता, घोड्याच्या खोगिराला लावायचं. वॉकर बिचारा ऑक्टोबर १८४७ ला मेक्सिकोत मारला गेला.

मग हार्टफर्डला स्वतःची फॅक्टरी, आणि १८४९ ला सुपरिंटेंडंट कोण, तर तळ्यावर वाचवणारा एलिशा रूट. मागेल तो पगार दिला त्याला. रूटने फोर्जिंगची, मिलिंगची, रायफलिंगची मशीनं बसवली. 'सुटे भाग कुठलाही कुठेही बसतो' असं जे सांगतात ते मात्र पूर्ण खरं नाही, शेवटी कानस घेऊन बसणारा माणूस लागायचाच, म्हणून एकाच पिस्तुलाच्या भागांवर तोच नंबर मारलेला असतो. आमच्याकडे साहेब लोक व्हिजिटरला हेच सांगायचे, सगळं इंटरचेंजेबल, आणि पडद्यामागे आमचा एक मिस्त्री कानस घासत बसलेला. त्यामुळे मला ते वाचून फार हसू आलं होतं.

सुमा_हार्टफर्ड
काका, नमस्कार घ्या. लेकीला वाचून दाखवलं, 'खट्' तिला फार आवडलं. आता ती दर पाच मिनिटांनी खट् म्हणतेय.

टीपकागद
काका +१. वाचनखूण साठवली.

निर्भीड_नागरिक
सगळे कौतुकात मग्न आहेत म्हणून विचारतो. हा माणूस मरणाचा व्यापारी होता. तुर्कांच्या सुलतानाला सोन्याने मढवलेलं पिस्तूल भेट द्यायचं आणि सांगायचं रशियन घेताहेत, मग रशियात जाऊन सांगायचं तुर्क घेताहेत. यादवी पेटेपर्यंत दक्षिणेतल्या राज्यांना माल विकत होता, उत्तरेतल्या पेपरांनी देशद्रोही म्हटलं. आणि आपण इथे खट्.

विवेक_सांगली
विकत होता, नाकारत नाही. १८५४ ला पेटंट वाढवून घ्यायला अमेरिकन काँग्रेसच्या (तिथल्या संसदेच्या) सभासदांना पिस्तुलं वाटली म्हणून चौकशी पण झाली होती, एका सभासदाच्या लहान मुलालासुद्धा पिस्तूल दिलेलं निघालं. पेटंट वाढलं नाही, १८५७ ला संपलं. पण निर्भीड, दोन्ही बाजूंना विकायचं हे सगळ्या शस्त्रवाल्यांनी केलं. याने जाहिरात करून केलं म्हणून आपल्याला दिसतं.

निर्भीड_नागरिक
सगळे करतात म्हणून चालतं हे लॉजिक आपल्याकडे रस्त्याच्या टेंडरला पण लावतात.

आण्णा_कोल्हापुरी
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गोदाकाठची_मी
निर्भीड यांचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाहीये. पण माणूस एकरंगी पण नाही. कामगारांना दहा तासांचा दिवस आणि तासभर जेवणाची सुट्टी, वाचनालयासाठी आणि करमणुकीसाठी हॉल, कामगारांचा गणवेशातला बँड. फॅक्टरीसाठी नदीकाठची पुराची जमीन घेतली, तेव्हा लोक हसले. त्याने लांबलचक बांध घातला, बांध धरून राहावा म्हणून विलोची झाडं लावली, मग झाडं वाढली तर त्याच्या फांद्यांच्या खुर्च्या विणायला जर्मन कारागीर आणून त्यांची वेगळी वस्ती बसवली. काही म्हणजे काही वाया घालवायचं नाही. आणि त्याच माणसावर १८६० च्या निवडणुकीत रिपब्लिकन कामगारांना काढल्याचा आरोप. दोन्ही एकाच डोक्यातलं.

खवचट_खंडेराव
कोणी त्याच्या भावाचं का नाही सांगत? जॉन कोल्ट, न्यूयॉर्कमध्ये हिशेबाची पुस्तकं लिहायचा. सप्टेंबर १८४१ ला पैशांवरून भांडण होऊन छापखानावाल्या सॅम्युएल अॅडम्सला हातोडीने, की कुऱ्हाडीने, मारलं आणि खोक्यात मीठ घालून पॅक करून न्यू ऑर्लिन्सच्या जहाजावर चढवलं. जहाज हवामानामुळे सुटलं नाही, वास सुटला. कोर्टात प्रश्न निघाला की पिस्तुलाने मारलं का, तर आपले सॅम्युएलराव साक्षीला आले आणि भर कोर्टात पिस्तुलाच्या टोप्या उडवून दाखवल्या! भाऊ फाशीच्या फळीवर आणि हा डेमो देतोय.

१८ नोव्हेंबर १८४२ ला फाशी होती, त्याच दिवशी सकाळी जेलमध्ये लग्न लावलं, दुपारी बघतात तर कोठडीत छातीत सुरी, आणि जेलला आग. लोक अजून म्हणतात पळवलं असेल. वधू कॅरोलाइन हेन्शॉ, तिच्या मुलाचं नाव सॅम्युएल, आणि कोल्ट आयुष्यभर त्याचा 'पुतण्या' म्हणून खर्च करत राहिला. अवतरणचिन्ह कोल्ट स्वतःच लिहायचा म्हणतात.

बंडोपंत
बाबौ. हे दुपारी जेवताना वाचायला नको होतं. मीठ!

अॅडमिन_काकू
धागा भरकटतोय मंडळी. खोक्यातला माणूस राहू द्या, कर्नलकडे या.

सातारचा_पोस्टमन
अवांतर पण आपल्याशी संबंधित. १८५१ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये कोल्टने पिस्तुलं मांडली, तिथल्या सिव्हिल इंजिनियर्सच्या संस्थेत भाषण दिलं, आणि १८५३ ला थेम्सच्या काठी पिम्लिकोला फॅक्टरी काढली. तीन-चार वर्षांत बंद पडली. पण त्यातली पिस्तुलं आरमाराला गेली, अधिकाऱ्यांनी खासगीत घेतली, आणि ५७ च्या उठावात इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्ट नाहीतर अॅडम्सचं (हा अॅडम्स वेगळा, खोक्यातला नव्हे) रिव्हॉल्वर होतं. अॅडम्सचं लंडनचं, त्याचा घोडा नुसता चाप ओढून पण चालायचा, गोळी जाड. जवळून अंगावर येणाऱ्या तलवारवाल्यासमोर ते बरं पडायचं, कोल्टचा नेम लांबचा चांगला. म्हणजे कलकत्त्याला जाताना जहाजावर कोरलेलं लाकडी खेळणं सत्तावीस वर्षांनी आपल्याच लोकांवर चालवायला परत आलं. मला हे सुकाणूच्या गोष्टीपेक्षा जास्त लागतं.

मृण्मयी
पोस्टमन, हे वाचून गप्प झाले.

निर्भीड_नागरिक
धन्यवाद पोस्टमन. हेच म्हणत होतो.

शंकासूर
आता मूळ प्रश्न. नळीवर 'कर्नल' का? माझ्या मते त्याचा खरा शोध तोच. चक्री आधी कोणीतरी केलेली, पहिली पिस्तुलं पिअर्सनची, मोठं मॉडेल वॉकरचं, मशीनं रूटची. यातलं एकही नाव पत्त्यात नाही. फॅक्टरी हार्टफर्डला, पत्ता मात्र न्यूयॉर्क, कारण परदेशातल्या गिऱ्हाईकाला हार्टफर्ड कुठे माहिती. तसंच कर्नल. लंडनला, इस्तंबूलला, पीटर्सबर्गला 'मिस्टर कोल्ट, कारखानदार' दारात उभा राहिला असता, 'कर्नल कोल्ट' आत बसायचा. आणि बेल्जियमला लिएजमध्ये याच्या नकला धडाधड निघत होत्या, तेव्हा नळीवरची ती ओळ म्हणजे असली मालाचा शिक्का.

विवेक_सांगली
शंकासूर, आज पहिल्यांदा तुमच्याशी सहमत. आधी डॉ. कूल्ट, मग कर्नल कोल्ट. पाटी लिहायची सवय तंबूतली.

निवृत्त_टूलरूमवाला
सहमत, पण पाटीवर चार लाख पिस्तुलं चालत नाहीत. त्याच्या हयातीत तेवढी निघाली. रूटला विसरू नका.

गोदाकाठची_मी
आणि एलिझाबेथला. १० जानेवारी १८६२ ला हा गेला, ४७ व्या वर्षी, संधिवाताने पिडलेला. इस्टेट दीड कोटी डॉलरच्या घरात. लग्नाला साडेपाचच वर्षं झालेली, चारातली तीन मुलं लहानपणीच गेली. ५ फेब्रुवारी १८६४ ला फॅक्टरी जळाली, तो घुमट पण कोसळला. बाईने ती परत बांधली, घुमटासकट, आणि १९०१ पर्यंत कंपनी घरात ठेवली. सुमाताई तुम्ही हायवेवरून बघता तो घुमट कर्नलचा नाही, कर्नलीणबाईंचा आहे. वेस्टर्न पिक्चरमधलं १८७३ चं पीसमेकर रिव्हॉल्वर पण त्यांच्याच काळातलं.

सुमा_हार्टफर्ड
गोदाकाठ, हे फार बरं सांगितलंत, कारण शनिवारी आम्ही तिथेच गेलो होतो. फॅक्टरीजवळ चर्च ऑफ द गुड शेफर्ड आहे, एलिझाबेथने नवरा आणि मुलांच्या आठवणीत १८६९ ला बांधलेलं. बाहेरून नेहमीचं तपकिरी दगडाचं चर्च. एका दाराशी लेक थांबली आणि ओरडली, आई खट्! दगडी नक्षीत वेलबुट्टीसारखी पिस्तुलं कोरलीयेत, आडवी-तिरपी, आणि सुटे भाग, चक्री सुद्धा, वर क्रॉस. मी दोनदा बघितलं, आधी फुलंच वाटली होती. ते दार कारखान्यातल्या कामगारांचं.

प्रोजेक्टचं नाव लेकीने ठरवलं, 'द कर्नल हू स्टेड होम'. मी म्हटलं जरा बदल, टीचर काय म्हणतील. तर म्हणे, आई, पण तो कलकत्त्याला गेला होता ना, मग 'स्टेड होम' चूक आहे. आता नवीन नाव शोधतोय. सुचवा, शुक्रवार जवळ आलाय.

आण्णा_कोल्हापुरी
'कर्नल शिंगरे, कलकत्ता रिटर्न'.

सुमा_हार्टफर्ड
आण्णा, हे ऐकून ती हसतेय आणि खरंच लिहायला निघालीये. टीचरला शिंगरे कसं समजावू ते पण सांगा आता.